पालथा फोन

वांगं गॅसवर भाजत होतं आणि बाल्कनीच्या बंद काचेपलीकडे माझा नवरा हसत होता.

हसण्याचं मला वावडं नाही. पण दुष्यंतच्या हसण्याच्या पद्धती मला पाठ होत्या. घरात तो नाकातून हसायचा आणि ऑफिसच्या फोनवर नुसतं 'हं, हं' करायचा. हे तिसरंच काहीतरी होतं. मान मागे टाकून, एक हात कठड्यावर ठेवून, इंग्रजीत बोलता बोलता मोकळं हसणं. आठ वर्षांच्या संसारात ते माझ्या वाट्याला फारसं आलं नव्हतं.

"काय व उल्का, वांगं जळून राहिलं," सासूबाई मागून म्हणाल्या. त्या थंडीपुरत्या यावलहून आमच्याकडे नाशिकला आल्या होत्या, येताना पिशवीभर भरताची वांगी घेऊन.

"भरताचं वांगं जळायलाच लागतं, आई."

"वांग्याचं राहू दे. तू कायले जळते?"

मी वांगं उलटवलं. मी मत्सरी आहे, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. शाळेत शेजारच्या मुलीच्या कंपासपेटीवरून मला ताप आला होता, असं माझी आई सांगायची. बाकीच्यांना निदान लपवता तरी येतं. माझे कान लाल होतात. कितीही गोड बोलले तरी कान खरं सांगतात, आणि दुष्यंत माझ्याशी बोलताना बऱ्याचदा तोंडाऐवजी कानांकडेच बघतो.

तो आत आला. "आहाहा, वास काय सुटलाय," म्हणाला.

"कोण होतं?"

"ऑफिसचं."

त्याने फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला. पालथा. आमच्या घरात तोवर फोन कसेही पडलेले असायचे, कोणाचाही कोणीही उचलायचं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्या फोनची पाठ नीट पाहिली.

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. त्याची कंपनी दवाखान्यांसाठी काम करायची, माझी सातपूरच्या कारखान्यांसाठी. दोघांचंही काम चालायचं ते एकाच मोठ्या क्लाउड कंपनीच्या जिवावर. क्लाउड म्हटलं की लोक वर बघतात, पण वर काही नसतं. कुठेतरी लांब गोदामासारख्या इमारतींत त्यांचे कॉम्प्युटर असतात, आणि आपण ते भाड्याने वापरायचे. ही कंपनी दर आठवड्याला काहीतरी नवीन आणायची. ही सोय नवी, ती बंद, हे आता आपोआप होणार. बाकीचे प्रोग्रामर ती यादी वरवर चाळतात. आमच्या घरी तिचं रीतसर वाचन व्हायचं.

शनिवारी सकाळी, चहा आणि खारी घेऊन. दुष्यंत मोठ्याने वाचायचा आणि मी चिरफाड करायची. त्याने शीर्षक अर्धं वाचेपर्यंत मी उरलेलं सांगून टाकायची, कारण या गोष्टींच्या अफवा जिथे जिथे उडतात तिथे मी आठवडाभर नाक खुपसून बसलेली असायची. मग तो "हरलो" म्हणायचा आणि दुसरा चहा ओतायचा. आठ वर्षं तो हरत होता आणि चहा ओतत होता. मला वाटायचं, आमच्या लग्नातली ही सगळ्यात सुखाची गोष्ट आहे. मला तरी ती होतीच.

त्या थंडीत माझं आणखी एक चाललं होतं. प्रोग्रामरच्या तोंडी दिवसातून एकदा तरी येणारं वाक्य म्हणजे, 'काल तर चालत होतं.' काल चालत होतं आणि आज बंद पडलं, म्हणजे मधे कोणीतरी काहीतरी बदललेलं असतं, आणि ते शोधण्यात माणसं अर्धमेली होतात. मी त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. त्याचं नाव 'कालपर्यंत'. तो कालची मांडणी आणि आजची मांडणी शेजारी ठेवायचा आणि साध्या वाक्यांत सांगायचा की अमुक सर्व्हरची परवानगी संध्याकाळी काढली, ती अमक्याने काढली, आणि त्यानंतर गेटपास छापणं थांबलं. बस. कोष्टकं नाहीत, लाल-हिरवे आलेख नाहीत. समोर बसून माणूस सांगेल तसं.

दोन वर्षं त्याच जेवणाच्या टेबलावर बसून मी तो घडवला होता. सातपूर-अंबडचे काही कारखाने वापरायलाही लागले होते. माझी मैत्रीण चारुलता, जी आधी माझ्याच ऑफिसात होती, तिने आणि मी मिळून कंपनी काढायचं ठरवलं होतं. तिने नोकरी आधीच सोडली होती. मी पुढच्या महिन्यात राजीनामा देणार होते. आमच्या घराचे हप्ते, सगळं बघून, दुष्यंतनेच म्हटलं होतं, "दे, मी आहे ना." येईल त्या पाहुण्याला तोच कौतुकाने 'कालपर्यंत' दाखवायचा.

तर असा प्रोग्राम लिहिणारी बाई स्वतःच्या नवऱ्याच्या बाबतीत काय करणार? मी कालचा दुष्यंत आणि आजचा दुष्यंत शेजारी ठेवले. फोन पालथा. फोन आंघोळीला जाताना सोबत. मी खोलीत शिरले की लॅपटॉप मिटलेला. बोलणं बाल्कनीत, दार लावून. आणि एकदा, फोन पालथा व्हायच्या आधीच्या अर्ध्या क्षणात, त्यावर दिसलेलं नाव: निवेदिता.

"निवेदिता कोण?" मी ताटात भरीत वाढता वाढता विचारलं.

"कुठली निवेदिता?"

"म्हणजे बऱ्याच आहेत?"

"उल्का, ऑफिसचं काम आहे ते. हैदराबादच्या आहेत त्या." मग त्याने कांद्याची पात तोंडात घातली आणि बराच वेळ चावत बसला.

मधल्या एका शनिवारी वाचनाला बसलो. तो वाचत होता, पण ओढूनताणून वाचल्यासारखा. सेटिंगमधल्या बदलांच्या नोंदी आता जास्त दिवस साठवून ठेवणार, अशी एक फुटकळ बातमी आली. मी सरसावून म्हटलं, "बघ, माझ्या वाटेवर यायला लागले. पण यांना वाक्यांत सांगणं कुठलं जमतंय. यांना आणखी पाच वर्षं लागतील."

दुष्यंत उठला. "दूध उतू जातंय."

"गॅस बंद आहे."

"हो का," म्हणाला, आणि तरी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

त्याच्या आदल्याच आठवड्यात तो एक दिवसासाठी हैदराबादला जाऊन आला होता. जाताना शीळ घालत बॅग भरली. मी त्याचा निळा शर्ट बॅगेतून काढून जुना चौकड्यांचा घातला, तेही त्याच्या लक्षात आलं नाही. आला तो उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन आणि आजारी माणसाचा चेहरा घेऊन. सासूबाईंनी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी पुढे ठेवली, ती त्याने नुसती मोडली. मला वाटलं, आता हसण्याची पायरी संपली. त्यानंतर बाल्कनीतलं ते हसणं थांबलं ते थांबलंच. फोन यायचे, पण तो हळू आवाजात, पाठ फिरवून बोलायचा.

"हसणं संपलं की प्रकरण गंभीर समजायचं," चारुलता फोनवर म्हणाली. तिचं अजून लग्न व्हायचं होतं, त्यामुळे नवऱ्यांविषयी तिला सगळं माहीत होतं.

शनिवारी संध्याकाळी मी भाजी निवडत म्हटलं, "परवा देते राजीनामा. पत्र तयार आहे."

दुष्यंत टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "थांब ना थोडं."

"किती?"

"थोडं. एक-दोन आठवडे."

"कशासाठी?"

"असंच. घाई काय आहे?"

"गेल्या महिन्यात तूच म्हणत होतास, दे म्हणून."

"आता थांब म्हणतोय."

"कारण सांग."

तो मेथीच्या काड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सांगता येत नाही. माझं ऐक एवढंच म्हणतो."

माझे कान तापायला लागले ते मला आतून कळत होतं. "मी सांगते कारण. तुला माझं पुढे जाणं बघवत नाही. बायको नोकरी करते तोवर ठीक. स्वतःची कंपनी काढून तुझ्या पुढे निघाली की पोटात दुखणार. आणि तिकडे कोणी निवेदिता असेल, जी तुझ्या विनोदांना हसते."

मला वाटलं, तो चिडेल. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पोटात दुखतं, असं समज."

"समज म्हणजे?"

"समज."

सासूबाई आतून म्हणाल्या, "त्याले आधी जेवू दे व. मग भांडा दोघं." आम्ही जेवलो आणि कोणीच भांडलं नाही, हे त्याहून वाईट होतं.

रविवारी सकाळी तो आंघोळीला गेला. मी पोहे भिजवून कांदा चिरत होते. टेबलावर फोन वाजायला लागला. त्याचा फोन. उताणा, टेबलाच्या मधोमध, मीठ-लोणच्याच्या बरण्यांच्या शेजारी. त्यावर स्वच्छ अक्षरांत नाव: निवेदिता.

मी हात पुसला आणि उचलला. कोणीही उचललाच असता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

"गुड मॉर्निंग दुष्यंत, तुमचं बोलणं दुसऱ्या सत्रात घेतलंय, चालेल ना?" इंग्रजीत, भराभरा.

"मी त्यांची मिसेस बोलतेय," मी म्हटलं. मिसेस हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला, आणि चांगला जोर देऊन वापरला.

पलीकडून एकदम अस्सल मराठी. "अगंबाई, उल्का का? तुझ्याबद्दल किती ऐकलंय. शनिवारच्या वाचनाबद्दल सांगतात ना ते आम्हाला. माझ्या नातवाला सांगितलं मी, असं जोडपं असतं बघ." मागे एक लहान मूल कशासाठी तरी भोकाड पसरून रडत होतं. "थांब रे सोन्या. हं, मी निवेदिता बापट." आणि मग तिने कंपनीचं नाव सांगितलं. त्या क्लाउड कंपनीचं. आमच्या दोघांच्या पोटापाण्याच्या त्या कंपनीचं.

"तुम्ही तिथे आहात?"

"हो ना. आमच्या चाचणी गटाचं काम माझ्याकडे. नवीन काही आणण्याआधी थोड्या निवडक लोकांना वापरायला देतो आम्ही." आणि मग आवाज खाली आणून, "त्यांनी तुला काही सांगितलं तर नाही ना?"

"कशाबद्दल?"

"छान. मग मीही नाही सांगत. गुरुवारी आमचा जाहीर कार्यक्रम आहे तो बघशील ना? ते मंचावर आहेत. तेव्हा कळेलच सगळं."

फोन ठेवला. बाई नातवंडवाली निघाली म्हणून मला हायसं वाटलं, ते पोह्यांवर पाणी शिंपडेपर्यंत टिकलं. मग मला खरं काय झालंय ते कळलं, आणि जे काही आतून उठलं त्यापुढे आधीचा सगळा जळफळाट म्हणजे पोरखेळ होता.

दुष्यंतला निवडलं होतं. दुष्यंतला. जो शीर्षक अर्धं वाचून होण्याआधी हरायचा, त्याला. मी वर्षानुवर्षं त्यांच्या चर्चापानांवर सूचना लिहीत होते, त्यांच्या चुका दाखवत होते, मध्यरात्रीपर्यंत परक्या माणसांच्या अडचणी सोडवत होते, आणि त्यांनी निवडला माझा नवरा. तो महिनाभर माझ्या समोर बसून मी काय सांगते ते ऐकत होता आणि त्याला ते आधीच माहीत होतं. दुसरी बाई असती तर मी भांडले असते, माहेरी गेले असते, चार लोकांना सांगितलं असतं. याचं कोणाला काय सांगणार? लोक म्हणाले असते, अभिनंदन.

तो आंघोळ करून आला. मी म्हटलं, "निवेदिताबाईंचा फोन होता. तू दुसऱ्या सत्रात आहेस."

"अच्छा," तो म्हणाला. खुर्ची ओढून बसला. त्याने माझ्या दोन्ही कानांकडे नीट पाहिलं, आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. कित्येक दिवसांनी त्या सकाळी त्याने पोहे मागून घेतले.

दुपारी चारुलताचा फोन आला. "उद्या देतेयस ना?"

"पुढच्या सोमवारी."

"का गं? त्याने नाही म्हटलं म्हणून?"

"त्याचं कोण ऐकतंय. गुरुवारी तो मंचावर जाणार आहे. या आठवड्यात नाशिकच्या सगळ्या ग्रुपवर दुष्यंत वारके, दुष्यंत वारके. त्यात माझी बातमी कोण वाचणार? त्याच्या फुलांच्या ढिगाखाली मला माझी कंपनी काढायची नाही. त्याचं सगळं विरून गेलं की मग मी."

"दवाखान्यांचं काहीतरी असेल गं त्याचं."

"असेना. टाळ्या तर वाजतील."

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. टाळ्या किती वाजतात ते मला बघायचं होतं. दुष्यंत आदल्या दिवशीच हैदराबादला गेला होता, निळा शर्ट घालून. मी कार्यक्रम टीव्हीवर लावला. सासूबाई शेंगा सोलत शेजारी बसल्या.

पहिलं सत्र गेलं. मग एक उंच बाई मंचावर आली, केस पांढरे, साडी सुती. ह्याच निवेदिताबाई असाव्यात, असं आवाजावरून कळलं. त्या म्हणाल्या, सगळ्या प्रोग्रामरच्या तोंडी असलेलं एक वाक्य तुम्हाला माहीतच आहे. आणि मागच्या मोठ्या पडद्यावर इंग्रजीत आलं, 'काल तर चालत होतं.'

सभागृह हसलं. मी हसले नाही.

त्यांनी एक बटण दाबलं. पडद्यावर वाक्यं उमटली. काय बदललं, कोणी बदललं, त्यानंतर काय बंद पडलं. कोष्टकं नाहीत, आलेख नाहीत. एकाखाली एक साधी, सरळ वाक्यं. आजपासून सगळ्यांसाठी, जगभर, फुकट. टाळ्या थांबेनात.

मग दुष्यंत आला. तो काय बोलला ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दवाखान्यातली कुठली तरी मशीन, कुठला तरी रिपोर्ट, तो अडकला होता आणि या सोयीमुळे सुटला. चांगलं बोलला असावा. मी फक्त पडद्यावरच्या वाक्यांकडे बघत होते. ती माझी वाक्यं होती. माझ्या जेवणाच्या टेबलावरची.

"बारीक झाला व तो," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "काय झालं?"

"तुमच्या पोराने माझं घर लुटून लोकांना वाटून टाकलं, आई," मी म्हटलं.

चारुलताचे फोन येत होते. मी उचलले नाहीत. फोन टेबलावर पालथा घातला.

शुक्रवारी संध्याकाळी तो आला. बूटही काढले नाहीत, दारातच उभा राहिला.

"तू त्यांना दिलंस?" मी विचारलं.

"नाही."

"मग वाक्यं कशी आली? कोष्टकं का नाहीत?"

"त्यांचं माझ्याआधीच बनून झालं होतं, उल्का. आधी नुसतीच बोलणी चालली होती, आमच्या कंपनीला कुठल्या तरी नव्या सोयीच्या चाचणीत घेणार म्हणून. कुठली ते माहीत नव्हतं. सही केली, हैदराबादला गेलो, आणि एका खोलीत त्यांनी ते उघडून दाखवलं. मला वाटलं, मी चुकून घरचा लॅपटॉप बघतोय." तो चौकटीला टेकला. "दोन माणसांना एकच गोष्ट सुचू शकते. सुचली. त्यांच्याकडे शंभर माणसं होती आणि तू एकटी होतीस. तरी तू त्यांच्याइतकंच चांगलं केलं होतंस. तिथे बसून मला एवढंच दिसत होतं, आणि तोंड उघडायची सोय नव्हती."

"घरी येऊन सांगायचं होतंस."

"सही केली होती."

"मी बायको आहे तुझी."

"सहीत बायको होती. कुटुंबीयांसह कोणालाही नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. माझी नोकरी गेली असती आणि कंपनीचंही नाव गेलं असतं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"सांगितलं असतं. त्याच संध्याकाळी." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या नाशिकला माहीत आहे.

"म्हणून त्यांनी मला निवडलं," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. मला तो असता तर चाललं असतं.

सासूबाईंनी पाण्याचा तांब्या आणून दोघांच्या मधे ठेवला आणि आत निघून गेल्या. दुष्यंत शेवटी बूट काढून टेबलाशी बसला.

"तू म्हणालीस ना, पोटात दुखतं म्हणून," तो म्हणाला. "दुखायचं. आधीपासून. दर शनिवारी. आठ वर्षं मी वाचतोय आणि तुला आधीच माहीत असतं. त्यांनी चाचणीबद्दल विचारलं तेव्हा मी विचारसुद्धा केला नाही, लगेच हो म्हटलं. म्हटलं, एकदा तरी, एकदाच, तुझ्याआधी मला काहीतरी कळेल. बाल्कनीत हसायचो ना, ते त्याच खुशीत." त्याने तांब्यातलं पाणी ओतलं आणि प्यायला विसरला. "तुझ्याआधी मला पहिल्यांदा काही कळलं, आणि ते हे निघालं."

मी पेला त्याच्याकडे सरकवला. माझ्या कानांना त्या वेळी काय रंग होता कोण जाणे. त्याने पाहिलं नाही.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "राजीनामा दिला नाहीस ना?"

"सोमवारी देणार होते."

"येत्या?"

"हो. पण ते तू थांब म्हणालास म्हणून नाही. तुझ्या बातमीत माझी बातमी..."

बोलता बोलता मी थांबले. मला तो टेबलाच्या मधोमध पडलेला फोन आठवला. महिनाभर जो फोन पालथा असायचा, आंघोळीला सोबत जायचा, तो त्या रविवारी मीठ-लोणच्याच्या बरण्यांशेजारी उताणा होता. नाव वर करून.

"तो फोन तू मुद्दाम ठेवलास," मी म्हटलं.

"बाईंचा फोन नऊला येणार, हे ठरलेलं होतं. त्यांच्या तोंडून काही बाहेर पडणार नाही याची खात्री होती. कार्यक्रम तर जाहीरच होता. मी कुठलाही शब्द मोडला नाही." तो आता माझ्या कानांकडे बघत होता. "थांब म्हटलं की तू थांबत नाहीस. लग्नात अक्षतांसाठीसुद्धा थांबली नव्हतीस. पण मी आधी मंचावर जाणार म्हटल्यावर तू त्या आठवड्यात पत्र दिलं नसतंसच."

"आणि मी जळले नसते तर?"

"तर रविवारी रात्री सांगून टाकलं असतं. नोकरी गेली तर गेली. मी मनाशी ठरवलं होतं."

"मग आधीच का नाही सांगितलंस?"

"गरज पडेल असं वाटलं नाही," दुष्यंत म्हणाला. "त्या बाबतीत तू मला कधी दगा दिलेला नाहीस."

मी पत्र फाडलं नाही, नुसतं कपाटात वरच्या फळीवर टाकलं. 'कालपर्यंत' उन्हाळ्यापर्यंत चाललं. एकेक कारखाना त्या फुकटच्या बटणाकडे गेला, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते. चारुलता बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. नोकरी सोडताना तिने मागे काही ठेवलं नव्हतं, आणि तिच्या टेबलावर कोणी फोन उताणा ठेवला नव्हता. पुढे तिला पुण्यात चांगली नोकरी लागली, पण ते दिवस तिला माझ्यामुळे काढावे लागले असं मला अजून वाटतं, आणि तिलाही वाटत असावं.

त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, चहा आणि खारी टेबलावर आली. यादीत सगळ्यात वर तेच होतं. दुष्यंतने मोबाइल उघडला आणि वाचायचं सोडून नुसता धरून बसला.

"आण इकडे," मी म्हटलं. मी वाचलं. शीर्षकापासून शेवटच्या ओळीपर्यंत, मोठ्याने, एकही शब्द न गाळता. वाचून झाल्यावर म्हटलं, "मराठीत सांगत नाही. आणि एकाच वेळी दोघांनी बदल केला तर दोघांनाही दोष देतं, बघ. माझं असं करत नव्हतं."

"लिहून कळव त्यांना," तो म्हणाला.

मी लिहून कळवलं. सडेतोड, माझ्या पद्धतीने. नंतरही कळवत राहिले. दोन-तीन वर्षांनी एका संध्याकाळी मी वांगं भाजत असताना माझा फोन वाजला. मी बाल्कनीत गेले आणि दार ओढून घेतलं. निवेदिताबाईंनी आधी मला चाचणी गटाच्या सगळ्या अटी वाचून दाखवल्या. कुटुंबीयांसह कोणालाही नाही, हे वाक्य त्यांनी जरा सावकाश वाचलं. मग त्या काहीतरी बोलल्या आणि मला मोठ्याने हसू आलं.

आत आले तेव्हा दुष्यंत गॅसपाशी उभा होता. वांगं एका बाजूने चांगलंच जळलं होतं.

"कोण होतं?" त्याने विचारलं.

"ऑफिसचं," मी म्हटलं, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.